वायवीय खडक-छिद्रक : वापर व सुरक्षिततेचा इतिहास

संपीडित (दाबाखालील) हवेच्या शक्तीने पोलादी वेधणीवर जलद आघात करून खडकात भोक पाडणाऱ्या यंत्रास वायवीय खडक-छिद्रक म्हणतात. खाणी, बोगदे, धरणांचे पाये, रस्ते आणि विहिरी यांच्या कामांत सुरुंगाची भोके घेण्यासाठी त्याचा उपयोग होतो. महाराष्ट्रात कामगारांच्या बोलीत त्यास ‘जॅकहॅमर’ किंवा नुसते ‘मशीन’, वेधणीस ‘रॉड’ आणि हवा पुरविणाऱ्या संपीडकास ‘कॉम्प्रेसर’ म्हणतात. या यंत्राने खडकफोडीचा वेग अनेक पटींनी वाढविला. परंतु धूळ, कंप, आवाज आणि दाबाखालील हवा हे चार नवे धोकेही कामगाराच्या अगदी जवळ आणून ठेवले. यंत्र सुमारे दहा वर्षांत उपयुक्त ठरले, त्यास सुरक्षित करण्याची रीत सापडण्यास आणखी चाळीस वर्षे लागली आणि ती रीत सर्व कामांवर पोहोचण्याचे कार्य अद्याप पूर्ण झालेले नाही. प्रस्तुत नोंदीत या इतिहासाचा, विशेषतः उत्तर सह्याद्रीतील बेसाल्टी प्रदेशाच्या संदर्भात, आढावा घेतला आहे.

रचना व कार्य : हाताने धरावयाच्या छिद्रकाचे वजन सामान्यतः १५ ते २५ किग्रॅ. असते. संपीडकाकडून दर चौ. सेंमी.स सु. ५ ते ७ किग्रॅ. दाबाची हवा जाड रबरी नळीतून त्यात येते. झडपेच्या योगाने ही हवा दट्ट्याच्या वर व खाली आळीपाळीने सोडली जाते आणि दट्ट्या मिनिटास सु. दोन हजार वेळा वेधणीच्या माथ्यावर आदळतो. प्रत्येक आघातानंतर दातेरी चक्राच्या साहाय्याने वेधणी थोडी फिरते. त्यामुळे तिचे टोक दर वेळी नव्या जागी बसते व भोक गोल राहते. वेधणी पोकळ असून तिच्यातून सोडलेली हवा अथवा पाणी भोकाच्या तळाशी पोहोचते आणि खडकाचा चुरा वर काढते. हा चुरा हवेने काढावयाचा की पाण्याने, या एका प्रश्नावर कामगाराच्या फुप्फुसांचे भवितव्य अवलंबून असते.

यंत्रापूर्वीची खडकफोड : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे बोर घाट आणि थळ घाट हे दोन मार्ग सह्याद्रीतून नेण्यात आले तेव्हा वायवीय छिद्रक उपलब्ध नव्हता. बोर घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पूर्ण झाले. १८६१ मध्ये तेथे एकाच वेळी ४०,००० हून अधिक माणसे राबत होती. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट १८६५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यात १३ बोगदे होते. या दोन्ही घाटांतील सुरुंगांची भोके पहार, छिन्नी आणि घण यांनी हाताने घेतलेली होती. एकाने पहार धरावयाची व फिरवावयाची आणि दुसऱ्याने किंवा दोघांनी आळीपाळीने घण घालावयाचा, अशी ही पद्धत होती. भोक खाली जाणारे असेल तर त्यात पाणी ओतीत. चुऱ्याचा गारा होई व तो लांब दांड्याच्या पळीने काढीत. पाणी ओतण्यामागे आरोग्याचा विचार नव्हता. ओल्या भोकात पहार चांगली चालते व चुरा सहज निघतो, एवढाच अनुभव होता. तरीही या सवयीमुळे धूळ बरीचशी जागीच बसत असे. त्या कामांवर माणसे मोठ्या संख्येने दगावली ती मुख्यतः पटकीसारख्या साथी आणि अपघात यांमुळे. पुढे यंत्र आले तेव्हा वेग वाढला, पण भोकातील पाणी मात्र गेले.

यंत्राचा उदय : थळ घाटात घण चालू असतानाच फ्रान्स व इटली यांच्या सरहद्दीवरील आल्प्स पर्वतात माँ सनी बोगद्याचे काम सुरू होते. १८५७ मध्ये ते हाती घेतले तेव्हा हाताने भोके घेतल्यास सु. २५ वर्षे लागतील, असा अंदाज होता. वाफेचे यंत्र बोगद्यात नेणे शक्य नव्हते; धुराने माणसे गुदमरली असती आणि बाहेरून नळीने आणलेली वाफ वाटेतच निवून गेली असती. झेर्मां सोमेय्ये या अभियंत्याने जलशक्तीने हवा संपीडित करून ती नळ्यांतून आत नेली आणि तिच्यावर चालणारे छिद्रक १८६१ पासून कामास लावले. वापरलेली हवा बोगद्यातच सुटत असल्याने आतील माणसांना श्वसनासाठी शुद्ध हवाही मिळे. सु. १२ किमी. लांबीचा हा बोगदा १८७० च्या डिसेंबरात आरपार झाला व १८७१ मध्ये खुला झाला. सोमेय्ये याचा मृत्यू उद्‍घाटनापूर्वी काही आठवडेच झाला. अमेरिकेत हूसॅक बोगद्यावर चार्ल्स बर्ली याचा छिद्रक १८६६ मध्ये आला. १८६७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइटचे एकस्व मिळविले. जलद छिद्रण आणि शक्तिमान स्फोटके यांचा संयोग झाल्यावर जगभर खाणकाम व बोगदेकाम यांचे स्वरूपच पालटले.

धूळ व पाणी : आरंभीच्या छिद्रकांत दट्ट्या व वेधणी एकत्रच मागेपुढे होत. यंत्र जड असे व ते खांबावर किंवा गाड्यावर बसवावे लागे. अमेरिकेतील डेन्व्हर येथील जॉर्ज लायनर याने १८९० च्या दशकाच्या अखेरीस दट्ट्या वेगळा ठेवून वेधणीवर नुसता आघात करणारे हलके यंत्र तयार केले आणि पोकळ वेधणीतून हवा सोडून चुरा बाहेर काढण्याची योजना केली. भोक झपाट्याने साफ होई. परंतु धुळीचा लोट थेट कामगाराच्या तोंडावर येऊ लागला आणि खाणकामगारांनी ते यंत्र नाकारले. लायनर याने यंत्रे परत घेऊन त्यांत हवेबरोबर पाणीही जाईल अशी सुधारणा केली. ओल्या छिद्रणाची ही रीत तेव्हापासून, म्हणजे विसाव्या शतकाच्या प्रारंभापासूनच, उपलब्ध आहे.

असे असूनही कोरडे छिद्रण चालूच राहिले. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्याच्या खाणकामगारांच्या आरोग्याविषयी जे. एस्. हॉल्डेन व त्यांचे सहकारी यांचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्राने भोके घेणाऱ्या कामगारांचे तरुणपणीच होणारे मृत्यू दगडाच्या धुळीशी निगडित आहेत, हे त्याने दाखवून दिले. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सव्हालच्या सोन्याच्या खाणींतही त्याच काळात चौकशी झाली. तेथील गारगोटीयुक्त खडकात कोरडी भोके घेणारे कित्येक कामगार काही वर्षांतच निकामी होत. इंग्रजी बोलणाऱ्या खाणकामगारांत त्या यंत्रास ‘विधवा करणारे यंत्र’ असे नावच पडले. १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जोहॅनिसबर्ग येथे या रोगावर परिषद भरविली. त्याच वर्षी अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट या जलविद्युत् बोगद्याचे काम सुरू झाले. तेथील खडक जवळजवळ शुद्ध गारगोटीचा होता. छिद्रण बहुतांशी कोरडे चाले आणि कामगारांत स्थलांतरित कृष्णवर्णीय मजुरांचा भरणा होता. १९३६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे ४७६ मृत्यूंचा आकडा आला. नंतरच्या एका अभ्यासाने हा आकडा सातशेंहून अधिक असावा असे अनुमान केले. उपाय ठाऊक असताना घडलेली ही घटना आहे. पाण्याची नळी ओढणे, चिखलात उभे राहणे आणि त्यात जाणारा वेळ यांचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न तेथे कामगारांच्या विरुद्ध सोडविला गेला.

या रोगास सिलिकामयता (सिलिकोसिस) म्हणतात. डोळ्यांना न दिसणारे, सु. पाच मायक्रॉनपेक्षा लहान स्फटिकी सिलिकेचे कण फुप्फुसांच्या वायुकोशांत जाऊन बसतात व त्यांभोवती व्रणासारखे घट्ट ऊतक तयार होते. हे ऊतक पूर्ववत होत नाही. काम सोडल्यावरही रोग वाढू शकतो आणि अशा फुप्फुसांत क्षयाचा प्रवेश सहज होतो. यावर औषध नसल्याने प्रतिबंध हाच एकमेव उपाय ठरतो.

कंप, आवाज व इतर धोके : छिद्रक धरणाऱ्याची बोटे पांढरी व बधिर पडतात, ही गोष्ट इटलीतील वैद्य जोव्हान्नी लोरिगा यांनी १९११ मध्ये नोंदविली. अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातील चुनखडकाच्या खाणींत याची तपशीलवार पाहणी केली. सततच्या कंपाने बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व थंडीत हा त्रास बळावतो. यंत्राचा आवाज १०० डेसिबेलपेक्षा अधिक असल्याने वर्षानुवर्षांच्या कामाने बहिरेपणा येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये टंगस्टन कार्बाइडाच्या टोकाची वेधणी, हलका छिद्रक आणि त्यास पेलणारा हवेचा पाय (एअर लेग) यांचा एकत्र वापर रूढ झाला. यामुळे यंत्राचा भार व धक्का काही अंशी माणसाच्या अंगावरून उतरला.

भारतातील अनुभव : भारतात या रोगाकडे प्रथम लक्ष वेधले ते कर्नाटकातील कोलार सुवर्णक्षेत्राने. १९४० च्या दशकात तेथे झालेल्या क्ष-किरण तपासणीचे निष्कर्ष १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या सात हजारांहून अधिक कामगारांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांत सिलिकामयतेची लक्षणे आढळली. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या खाण अधिनियमाखाली हा रोग अधिसूचित ठरविण्यात आला. १९६१ च्या धातुखाण विनियमांनी धूळ उठू न देण्याची जबाबदारी खाण चालविणाऱ्यावर टाकली. सुरुंग व त्यासाठीचे छिद्रण यांविषयीची भारतीय मानक संहिता (आयएस ४०८१) १९६७ मध्ये तयार झाली व १९८६ मध्ये सुधारण्यात आली.

महाराष्ट्रात या काळात कोयना जलविद्युत् प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात सह्याद्रीच्या पोटात बोगदे व पोफळीचे भूमिगत वीजगृह खोदण्यात आले. त्यातील पहिला संच १९६२ मध्ये चालू झाला. यंत्रांची निर्मितीही राज्यातच होऊ लागली. पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी १९५८ मध्ये स्थापन झाली आणि १९६० च्या सुमारास ॲटलास कॉप्को व सँडविक या स्वीडिश कंपन्यांनी पुण्यात पाय रोवले. संपीडक, छिद्रक व वेधण्या अशा रीतीने जवळच उपलब्ध झाल्यामुळे मोठ्या प्रकल्पांतील हे यंत्र लहान ठेकेदारांच्या आणि पुढे विहिरी खोदणाऱ्या टोळ्यांच्या हाती आले.

बेसाल्ट व धूळ : दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टात रासायनिक दृष्ट्या सु. ५० टक्के सिलिका असते. परंतु ती बहुतांशी इतर खनिजांत बद्ध असून गारगोटीच्या रूपातील मुक्त सिलिका त्यात अल्प असते. म्हणून कोलारच्या तुलनेने येथील धूळ कमी घातक असते, हे खरे आहे. यावरून ती निरुपद्रवी आहे असे मानणे मात्र चूक ठरते. बेसाल्टाच्या पोकळ्यांत झिओलाइटांबरोबर गारगोटी, कॅल्सेडोनी व अकीक ही सिलिकेची खनिजे सापडतात. नाशिक परिसरातील खाणी आणि बोर घाटातील रेल्वेचे बोगदे अशा खनिजांसाठी प्रसिद्ध आहेत. कोणतीही सूक्ष्म धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास दमा व खोकला यांसारखे विकार बळावतात. शिवाय खडकफोड करणारा मजूर एका खडकाशी बांधलेला नसतो. तो बेसाल्टी प्रदेशातून वालुकाश्म वा ग्रॅनाइटाच्या प्रदेशात कामास जाऊ शकतो आणि कोरड्या छिद्रणाची सवयही सोबत नेतो.

विहिरींचे खोदकाम व हरसूल परिसर : हरसूल हे नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील बाजाराचे गाव सह्याद्रीच्या पश्चिमेकडील फाट्यांवर वसले असून भोवताली मुख्यतः आदिवासी वस्ती आहे. येथे पाऊस मुबलक पडतो. परंतु उतार तीव्र व मातीचा थर पातळ असल्याने पाणी पश्चिमवाहिनी नद्यांकडे वाहून जाते. घट्ट बेसाल्ट पाणी साठवून ठेवीत नाही. ते मुरूम, मांजऱ्या खडक आणि सांधे-भेगा यांतच सापडते. म्हणून पावसाळ्यात चिंब असणारा हा प्रदेश उन्हाळ्यात टंचाईला सामोरा जातो. वरचा मुरूम टिकाव-फावड्याने निघतो. पण काळ्या पाषाणास सुरुंगाशिवाय पर्याय नसतो.

१९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात विहिरींच्या कामास मोठी चालना मिळाली. कूपनलिकांसाठी भोकाच्या तळाशी जाऊन आघात करणारे वायवीय छिद्रक १९६० च्या दशकातच आले होते. जालना येथील चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने त्यांचा बेसाल्टात आरंभी वापर केला आणि १९६७ नंतर युनिसेफच्या साहाय्याने त्यांचा प्रसार झाला. उघड्या विहिरींसाठी रोजगार हमी योजनेतून व १९८८ पासून जवाहर विहीर कार्यक्रमातून लहान शेतकऱ्यांना साहाय्य मिळू लागले. पुढे राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीतूनही अशी कामे घेण्यात आली. ट्रॅक्टरवर बसविलेला कॉम्प्रेसर, दोन जॅकहॅमर, दगड वर काढणारी यारी आणि मोजकी माणसे एवढ्यावर हे काम चालते. पूर्वी हे कौशल्य प्रामुख्याने वडार समाजाकडे होते. यंत्र आल्यावर ते इतरांकडेही गेले.

या कामातील मुख्य अडचण ऋतूची आहे. विहीर खोदावयाची ती भूजलाची पातळी सर्वांत खाली असताना, म्हणजे उन्हाळ्यात. आणि ओल्या छिद्रणास लागणारे पाणी तेव्हाच दुर्मिळ असते. ज्या गावी पिण्याचे पाणी डोक्यावरून आणावे लागते, तेथे भोकात घालण्यासाठी पाणी मागणे उधळपट्टी वाटते. परिणामी पाण्यासाठीच खोदल्या जाणाऱ्या विहिरीत वरचे थर कोरडेच फोडले जातात. मोकळ्या मैदानात वाऱ्याने पांगणारी धूळ विहिरीच्या घेरात कोंडून राहते आणि भोके घेणाऱ्याबरोबर दगड भरणारेही तिचे धनी होतात. वस्तुतः एका भोकास लागणारे पाणी फार नसते. पहारीच्या काळाप्रमाणे भोकाच्या तोंडाशी थोडे थोडे पाणी ओतीत राहिले आणि तोंडावर ओले पोते ठेवले, तरी धूळ बरीच कमी होते. पोकळ वेधणीतून पाणी सोडण्याची सोय असलेले यंत्र अर्थातच अधिक परिणामकारक असते. नाकातोंडास बांधलेला फडका मात्र सूक्ष्म कण अडवू शकत नाही. त्यासाठी योग्य प्रतीचा श्वसन-मुखवटा लागतो आणि तोही पाण्याला पर्याय नसून पूरक असतो.

सुरक्षित वापराची तत्त्वे : या यंत्राच्या वापराचे नियम दीड शतकाच्या अनुभवातून आले असून प्रत्येकामागे विशिष्ट अपघाताचे कारण आहे. (१) जोडण्यापूर्वी नळीतून क्षणभर हवा सोडून आतील खडे व कचरा काढावा. नळीचे तोंड माणसांपासून दूर असावे. (२) दाबाखाली निसटलेली नळी चाबकासारखी फिरून हाड मोडू शकते. म्हणून प्रत्येक जोड पक्का करून त्यावर सुरक्षा-साखळी बांधावी आणि नळी सोडण्यापूर्वी मुख्य झडप बंद करून उरलेली हवा यंत्रातून जाऊ द्यावी. नळी मोडून हवा अडविण्याची सवय धोक्याची आहे. (३) संपीडित हवेने कपडे वा अंग झटकू नये. ती डोळ्यांस इजा करते व कातडीतून शरीरात शिरू शकते. (४) संपीडकाच्या टाकीची सुरक्षा-झडप व दाबमापक नियमित तपासावेत आणि साचलेले पाणी व तेल काढावे. (५) पाय घट्ट रोवून यंत्र दोन्ही हातांनी धरावे, पण आवळू नये. आवळल्याने कंप अधिक पोहोचतो. वेधणी अडकल्यास यंत्राला हिसका बसतो, म्हणून त्यावर अंगाचा भार टाकू नये. (६) कानांत रोधक, डोळ्यांस चष्मा, डोक्यास शिरस्त्राण व पायांत भक्कम बूट असावेत. माणसांनी पाळीपाळीने काम केल्यास कंप व आवाज यांचा भार विभागला जातो.

आणखी दोन नियम विहिरीच्या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहेत. पूर्वी उडविलेल्या सुरुंगाच्या उरलेल्या भोकात वेधणी कदापि घालू नये. त्याच्या तळाशी न फुटलेली दारू किंवा टोपी राहिलेली असू शकते आणि छिद्रकाचा पहिलाच आघात तिला पुरेसा होतो. तयार भोकामुळे होणारी थोडी श्रमबचत अनेकांच्या जिवावर बेतलेली आहे. न उडालेल्या सुरुंगापासून किमान ३० सेंमी. अंतरावर त्यास समांतर नवे भोक घेऊनच तो निकालात काढतात आणि हे काम परवानाधारक सुरुंगवाल्यानेच करावयाचे असते. दुसरा नियम वायूंचा आहे. डीझेल संपीडक विहिरीच्या काठापासून दूर व वाऱ्याच्या खालच्या अंगास ठेवावा. अन्यथा त्याचा धूर खोल विहिरीत उतरतो. सुरुंग उडविल्यावर कार्बन मोनॉक्साइड व नायट्रोजनाची ऑक्साइडे तळाशी रेंगाळतात. म्हणून नळीने भरपूर ताजी हवा सोडल्याशिवाय कोणीही खाली उतरू नये.

कायद्याची व्याप्ती : १९५२ च्या खाण अधिनियमाने खनिजासाठी केलेले उत्खनन विचारात घेतले, पाण्यासाठी खोदलेली विहीर त्यात बसली नाही. १९९६ चा बांधकाम कामगारविषयक अधिनियम दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. विहिरीची टोळी बहुधा त्याहून लहान असते. हे दोन्ही अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावून घेण्यात आले आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. खाणींखेरीज इतर आस्थापनांसाठी तीतही सामान्यतः दहा कामगारांची मर्यादा आहे. मात्र केंद्र शासनाने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामांस ती लागू नाही. विहिरीतील छिद्रणास संरक्षण मिळण्याची वाट या तरतुदीतून निघू शकते. स्फोटकांचा साठा व वापर यांवर स्वतंत्र कायद्याने परवान्याचे बंधन असले, तरी धूळ, कंप आणि आवाज यांबाबत लहान टोळीच्या कामावर देखरेख करणारी यंत्रणा प्रत्यक्षात क्वचितच पोहोचते.

मोठ्या खाणी व बोगदे यांत छिद्रक आता तेलाच्या दाबावर (हायड्रॉलिक) चालणारे व गाड्यांवर बसविलेले असतात. ओले छिद्रण त्यांच्या रचनेतच अंतर्भूत असते आणि चालक बंद कक्षात बसतो. हाती धरावयाचा वायवीय छिद्रक उरला आहे तो मुख्यतः विहिरी, लहान खाणी व रस्ते यांच्या कामांत. म्हणजे जेथे भांडवल थोडे, मजूर विखुरलेले आणि तपासणी विरळ, तेथे. विहिरीच्या अनुदानाच्या अंदाजपत्रकात सुरुंग, यारी व बांधकाम यांचा खर्च धरावा लागतो. त्यातच छिद्रणासाठीचे पाणी, मुखवटे व कर्णरोधक यांची तरतूद झाली, तर तो भार मजुराच्या किंवा गरीब शेतकऱ्याच्या माथी येणार नाही. यंत्रामुळे भोकातून गेलेले पाणी परत आणण्यास विज्ञानाची अडचण एका शतकापूर्वीच दूर झालेली आहे. उरलेला प्रश्न खर्चाच्या वाटणीचा आहे.